सटकलं तर कुठे जाईल? मिटत्या चाकूची पहिली ओळख

दर जूनमध्ये कोथरूडच्या आमच्या इमारतीत दोन-तीन नवी बिऱ्हाडं येतात. कुणी लातूरहून शिकायला आलेलं असतं, कुणी अकोल्याहून नोकरीला. सामान उतरलं की तासाभरात दार वाजतं: "काकू, कात्री मिळेल का?" खोकी चिकटपट्टीने गच्च बांधलेली, गादीच्या वळकटीला सुतळीचे सात वेढे, आणि कात्री त्याच खोक्यांपैकी एकात. मी पर्समधला मिटता चाकू घेऊन वर जाते. गेल्या वर्षी तिसऱ्या मजल्यावर राहायला आलेल्या मुलींपैकी एकीने तो हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि म्हणाली, "मला शिकवाल का वापरायला? घरी आई सुरीला हातच लावू द्यायची नाही." पुढचे चार रविवार आम्ही दोघी गॅलरीत सतरंजी टाकून बसलो. तिला जे शिकवलं, तेच इथे साधारण त्याच क्रमाने लिहिते आहे.

सगळ्यात आधी एक प्रश्न पाठ करा. पातं कशालाही लावण्याआधी मनात म्हणायचं: हे सटकलं तर कुठे जाईल? उत्तर "फळीवर" किंवा "मोकळ्या हवेत" असेल तर कापा. उत्तर "माझ्या तळहातात", "मांडीत", "समोर बसलेल्याच्या हाताकडे" असं आलं तर थांबा. वस्तू फिरवा, नाहीतर स्वतः फिरून बसा. पहिले पंधरा दिवस हा प्रश्न मोठ्याने विचारायला मी त्या मुलीला लावलं होतं. आता ती विचारत नाही, पण तिचा हात आपोआप वळतो.

कोणता घ्यायचा

लहान घ्या. पातं सहा ते आठ सेंटिमीटरचं पुरे. शहरातल्या घरात रोज जी कामं पडतात त्यातल्या बहुतेकांना त्याहून मोठं पातं अडचणच करतं.

मिटत्या चाकूंचे मुख्य दोन प्रकार. पहिल्यात पातं फक्त मागच्या स्प्रिंगच्या दाबावर उघडं राहतं. लाल मुठीचा स्विस चाकू या जातीचा. कार्ल एल्सनर यांनी १८८४ साली स्वित्झर्लंडमधल्या इबाख गावी कारखाना काढला, १८९७ मध्ये त्यांचा अधिकाऱ्यांसाठीचा चाकू नोंदवला गेला, आणि त्याच घराण्याची कंपनी आज व्हिक्टोरिनॉक्स नावाने ओळखली जाते. त्यांचे मिटल्यावर ९१ मिलिमीटर भरणारे चाकू हाताला नीट बसतात. ५८ मिलिमीटरवाला किल्ल्यांच्या जुडग्यात मावतो, पण त्याची मूठ इतकी बारीक की नवख्या हाताला पकड येत नाही.

दुसऱ्या प्रकारात पातं उघडलं की अडकतं आणि तुम्ही सोडवल्याशिवाय मिटत नाही. कुठे आत पत्र्याची पट्टी आडवी येते, कुठे मुठीच्या पाठीवर खटका असतो. फ्रान्समधल्या सॅव्हॉयचा ओपिनेल हा लाकडी मुठीचा चाकू १८९० पासूनचा आहे. त्याच्या गळ्याशी फिरवायचं धातूचं कडं १९५५ मध्ये आलं. कडं फिरवलं की पातं पक्कं. त्याच्या ८ नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटरचं असतं.

माझं मत विचाराल तर शिकायला स्प्रिंगचा घ्यावा. तो जोर करू देत नाही आणि जोर न करणं हेच आधी शिकायचं असतं. ट्रेकला जायला लागलात की अडकणारा घ्या. बटण दाबल्यावर फटकन उघडणारा चाकू मात्र घेऊ नका. घरातल्या एकाही कामासाठी त्याची गरज पडत नाही आणि तो बाळगणाऱ्याकडे लोक वेगळ्याच नजरेने बघतात.

विकत घ्यायला रविवार पेठेतली बोहरी आळी बरी. दुकानातच उघडमीट करून बघा. उघडलेलं पातं दोन बोटांत धरून डावीउजवीकडे हलवा. खुळखुळलं तर परत ठेवा. मिटल्यावर पातं खोबणीच्या मधोमध बसलं पाहिजे, एका बाजूला घासता कामा नये. उघडायला नखाची खाच असते. खाचेत नख घालून ओढताना नख दुमडत असेल तर स्प्रिंग तुमच्या हाताला जड आहे. दुकानदार सांगेल "वापरून सैल होईल", पण तुम्ही दुसरा मागा.

पोलाद स्टेनलेस घ्या. साध्या कार्बन पोलादाला धार सुंदर लागते, पण कैरी किंवा लिंबू कापलं की ते काळपट पडतं, कैरीच्या फोडीला लोखंडी चव लागते आणि पावसाळ्यात रात्रभर ओलं राहिलं तर सकाळी गंजाचे ठिपके दिसतात. नीट पुसायची सवय लागली की मग घ्या.

कुठे न्यायचा नाही

हे कंटाळवाणं वाटेल, तरी वगळू नका. शस्त्र नियम, २०१६ मध्ये ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याच्या चाकूंचा उल्लेख आहे. घरगुती, शेतीच्या किंवा कारखान्याच्या कामासाठी बनवलेले त्यातून वगळले आहेत. आपला सात सेंटिमीटरचा चाकू या मापात येत नाही. पण म्हणून तो कुठेही, केव्हाही खिशात ठेवावा असं नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली पोलीस आयुक्त ठरावीक दिवसांसाठी शस्त्रं, काठ्या, चाकू बाळगायला मनाई करू शकतात. सण, मोर्चे, निवडणुका अशा काळात असे आदेश निघतात. म्हणून विसर्जन मिरवणुकीला, सभेला, कुठल्याही गर्दीला जाताना चाकू घरीच.

मेट्रोच्या तपासणीत, मॉलच्या दारात, थिएटरात, कोर्टात, कॉलेजात तो नको. लोहगावला विमान पकडायचं असेल तर हातातल्या बॅगेत चालत नाही, आत देण्याच्या सामानात टाका. मी स्वतः पर्समध्ये ठेवते ती इमारतीत वरखाली करताना. लक्ष्मी रोडला निघाले की तो काढून ड्रॉवरमध्ये टाकते. आणि "सोबत असू दे, वेळेला उपयोगी पडेल" असा विचार मनात असेल, वेळ म्हणजे भांडणाची वेळ, तर चाकू घेऊच नका.

उघडणं आणि मिटणं

पहिले दोन दिवस काहीही कापायचं नाही. धारेवर कागदी चिकटपट्टी दुहेरी लावा आणि फक्त उघडमीट करा, रोज वीसेक वेळा. हात कोरडे हवेत. खाली बसा. हात लांब करून चौफेर फिरवा, तेवढ्या घेरात लहान मूल, मांजर कुणी नको.

उघडताना डाव्या हातात मूठ, उजव्या अंगठ्याचं नख खाचेत. पात्याची पाठ तुमच्याकडे असते, धार खोबणीत. ओढत न्या, शेवटी 'टक' असा आवाज होईपर्यंत. अर्ध्यावर सोडलं तर स्प्रिंग पातं परत खेचते.

मिटताना अपघात जास्त होतात. मूठ अशी धरा की चारही बोटं मुठीच्या बाजूंना राहतील, खोबणीच्या तोंडावर एकही नाही. मग दुसऱ्या हाताचा तळवा पात्याच्या पाठीवर ठेवून सावकाश दाबा. बोटांनी चिमटून मिटवायचं नाही, मांडीवर दाबून तर मुळीच नाही. आत पत्र्याची पट्टी असलेल्या अडकणाऱ्या चाकूत ती पट्टी सोडवणारा अंगठा पात्याच्या वाटेत येतो. पातं जरासं कललं की अंगठा बाजूला घ्यायचा आणि मग पुढे मिटवायचं.

दुसऱ्याला द्यायचा तर मिटून द्या. तो घेतला हे कळेपर्यंत सोडू नका.

खोकी, सुतळी, दुधाची पिशवी

खोक्याच्या दोन झाकणांमधली फट चिकटपट्टीखाली बोटाने चाचपून शोधा. पातं जवळजवळ आडवं धरा आणि टोकाचा तीन-चार मिलिमीटर भागच आत जाऊ द्या. खोल गेलं तर आतलं पुस्तक किंवा साडी कापली जाईल. काप स्वतःपासून दूर न्या. खोकं धरणारा दुसरा हात पात्याच्या मागे असावा, पुढे कधीच नाही. माझी विद्यार्थिनी खोकं पोटाशी धरून आपल्याकडे ओढत कापायची. तिला मी उठवून खोक्याच्या दुसऱ्या बाजूला उभं केलं, बाकी काही सांगावं लागलं नाही.

कडक प्लॅस्टिकची पट्टी आवळलेली असेल तर पातं तिच्याखाली सरकवून धार वर करा आणि तोंड बाजूला वळवा. पट्टी तुटताना ताडकन उसळते. सुतळीही तशीच, वेढ्याखाली पातं घालून बाहेरच्या दिशेने. जाड दोरी मात्र फळीवर आडवी ठेवून वरून दाबत कापावी.

चिकटपट्टीचा गोंद पात्यावर बसतो आणि पुढचा काप अडखळतो. निलगिरी तेलाचा किंवा खोबरेलाचा थेंब फडक्यावर घेऊन पाठीकडून धारेकडे पुसा, गोंद सुटतो. खोकी रिकामी झाली की कोपऱ्यांवर चिरून सपाट करा आणि सुक्या कचऱ्यात द्या. कचरा गोळा करणाऱ्या 'स्वच्छ' संस्थेच्या ताईंना सपाट पुठ्ठा उचलायला आणि बांधायला सोपा जातो. पुठ्ठ्याने धार फार लवकर बोथट होते, हेही लक्षात असू द्या. त्यात बारीक रेतीसारखे कण असतात.

दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापून टाकू नका. एक तिरकी चीर द्या, तुकडा पिशवीला लटकलेला राहू द्या. नखाएवढे ते कोपरे गटारात जातात आणि कुणाच्याच हाताला लागत नाहीत.

पेरू, कैरी

सिंहगडावर आतकरवाडीच्या वाटेने चढताना आमची पहिली विश्रांती पेरूसाठी असते. डब्याचं झाकण पालथं ठेवायचं, त्यावर पेरू. आधी देठाकडची चकती कापून त्याला बूड द्यायचं म्हणजे तो गडगडत नाही. मग बुडावर उभा करून वरून खाली एक काप, फिरवून दुसरा. चार फोडी, मीठ-तिखट, झालं. हातात धरून फळ कापणारे लोक तुम्ही पाहिले असतील, त्यांचा हात वर्षानुवर्षांचा असतो. पहिल्या वर्षी झाकण किंवा लाकडी फळी सोडू नका. स्टीलच्या ताटलीवर कापलं तर धार मरते.

कैरीची कोय कठीण असते, ती चिरायचा प्रयत्न करायचा नाही. कोयीच्या दोन्ही अंगांनी गाल उतरवून घ्या. खोकी कापलेला चाकू फळाला लावण्याआधी साबणाने धुवायचा, हे सांगायची गरज नसावी, पण सांगते.

पेन्सिल

चाकूने काय शिकता येतं हे मला पेन्सिल तासण्यातून सगळ्यात स्पष्ट दिसतं. चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना शिसं लांब लागतं, शार्पनरमधून ते तसं निघत नाही.

डाव्या हातात पेन्सिल, टोक बाहेरच्या बाजूला. उजव्या हातात चाकू, पातं पेन्सिलीवर जवळजवळ सपाट टेकवलेलं. आता उजवा हात हलवायचाच नाही. डाव्या अंगठ्याने पात्याच्या पाठीला पुढे ढकलायचं. पातं अर्धा-पाऊण इंच सरकतं आणि थांबतं, कारण अंगठा तेवढाच पोचतो. लाकडाची पातळ सालपट वळत निघते. पेन्सिल जराशी फिरवा, पुन्हा ढकला. मनगटाच्या झटक्याने तासलं तर शिसं तुटतं, कधी बोटही कापतं. अंगठ्याने ढकललं तर सटकायला वाटच उरत नाही. त्या मुलीने एका रविवारी सहा पेन्सिली तासल्या. पहिलीवर उंदराने कुरतडल्यासारखे खड्डे होते, सहावीवर लांब, सलग पैलू.

काठीचं टोक काढणं, कुंडीतल्या रोपाला आधाराची कामटी तासणं, फर्निचरवरचा मेणाचा थेंब खरवडणं, सगळीकडे हाच अंगठा कामाला येतो.

गणपतीचे दिवस

आमच्याकडे चाकू वर्षभरात सगळ्यात जास्त निघतो तो भाद्रपदात. राज्यात २०१८ पासून थर्माकोलला बंदी आहे, तेव्हा मखर पुठ्ठ्याचं. पुठ्ठ्यावर स्टीलची पट्टी ठेवा आणि पहिला काप नुसती रेघ ओढल्यासारखा हलका द्या. त्या रेघेत पातं नंतर आपोआप बसतं. तीन-चार हलक्या फेऱ्यांत पुठ्ठा सुटतो. एकाच दाबात कापायला गेलात तर पातं पट्टीवर चढतं, आणि पट्टीवर तुमची बोटं असतात.

मंडईतून आणलेलं केळीचं पान ताटाखाली सपाट बसत नाही कारण मागचा दांडा जाड असतो. पान पालथं घाला. पातं आडवं ठेवून दांड्याचा वर आलेला भाग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सोलत न्या, पानाच्या पातळीला आलं की थांबा. पान न फाटता सपाट पडतं आणि दुमडताही येतं. फुलांचे देठ तिरके कापले की पाणी चांगलं ओढतात, तेही याच वेळी करून टाका.

खोबऱ्याची गोष्ट

एकोणीस वर्षांपूर्वी गौरीच्या दिवशी मी फोडलेल्या नारळाच्या वाटीतून खोबरं सोडवत होते. हाताशी स्प्रिंगचा चाकू होता. टोक करवंटी आणि खोबऱ्याच्या मध्ये घातलं आणि मूठ उचलून तरफेसारखा जोर दिला. तो जोर पात्याच्या पाठीवर आला. मिटता चाकू पाठीवर जोर आला की मिटतो, त्याची रचनाच तशी आहे. पातं माझ्या तर्जनीवर आणि मधल्या बोटावर मिटलं. पाच टाके पडले. तर्जनीचं पेर आजही थंडीत आखडतं.

त्या दिवसापासून घरात नियम आहे: चाकूने फक्त कापायचं. खोबरं सोडवणं, डब्याचं झाकण उचकटणं, स्क्रू फिरवणं, भिंतीतला खिळा उपटणं ही उचकटायची कामं, त्यांना पाना, पेचकस, उलथनं आहे. टोक मोडतं ते अशाच कामात. भोक पाडतानाही पट्ट्यात पातं उभं खुपसू नका, स्विस चाकूत त्यासाठी वेगळा टोच्या असतो. विजेची वायर सोलायची असेल तर मेन स्विच बंद केल्याशिवाय पातं लावायचं नाही.

कापलंच तर वाहत्या पाण्याखाली धुवा, स्वच्छ फडक्याने घट्ट दाबून हात वर धरा, सलग दहा मिनिटं, मध्ये उघडून न बघता. खोल जखमेत हळद-कॉफी भरू नका. रक्त थांबत नसेल, बोट वाकत नसेल किंवा बधिर वाटत असेल तर लगेच डॉक्टर, आणि टिटॅनसचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते त्यांना सांगा.

धार

बोथट चाकू जास्त कापतो, तो आपल्याला. जोर लावावा लागतो आणि जोर लावलेलं पातं सटकलं की थांबत नाही. वर्तमानपत्राचं पान उभं धरून काठावर पातं ओढा. सरसर कापलं तर ठीक, फाटलं तर धार लावायची वेळ झाली. धारेवर अंगठा फिरवून बघू नका.

सायकलवर फिरणारे धारवाले विळीला आणि स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांना छान धार लावतात. पण या बारीक पात्याला त्यांचं चाक नको. पोलाद फार झिजतं आणि तापलं तर मऊ पडतं. हार्डवेअरच्या दुकानात दोन बाजूंचा दगड मिळतो, एक बाजू भरड, एक बारीक. नेहमीच्या धारेला बारीक बाजू पुरते.

दगड ओल्या फडक्यावर ठेवा म्हणजे सरकत नाही, वर पाणी शिंपडा. कोन प्रत्येक बाजूने साधारण २० अंश. तो असा मिळतो: पातं दगडावर उभं धरा, निम्मं कलवा, पुन्हा निम्मं कलवा. दीड सेंटिमीटर रुंदीचं पातं असेल तर पाठ दगडापासून सुमारे ५ मिलिमीटर वर राहते, एकावर एक ठेवलेल्या तीन नाण्यांइतकी. धारेवर मार्करने रेघ ओढा आणि दोन-तीनदा घासा. शाई काठापर्यंत सारखी गेली तर कोन बरोबर. फक्त वरची गेली तर पातं फार आडवं झालं आहे. मुळापासून टोकापर्यंत, दगडाची पातळ साल काढावी तसं, धार पुढे ठेवून न्या. एका बाजूने दहा वेळा, दुसऱ्या बाजूने दहा वेळा. एका बाजूने घासल्यावर दुसऱ्या बाजूला खरखरीत कड येते. ती आली म्हणजे पोलाद काठापर्यंत घासलं गेलं. शेवटी चामड्याच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूवर, आता उलट, पाठ पुढे ठेवून दहा-पंधरा वेळा ओढा. कड झडते.

हॉस्टेलवर दगड नसेल तर चिनी मातीचा कप पालथा घाला. बुडाच्या कडेला चकाकी नसलेलं खरखरीत वर्तुळ असतं. त्यावर त्याच कोनात सात-आठ वेळा ओढलं तर पेरूपुरती धार नक्की येते.

पुसणं आणि तेल

फळ कापलं की पातं धुवा, बिजागरीत पाणी साचतं म्हणून चाकू उघडा ठेवून पंख्याखाली वाळवा, मगच मिटा. स्टेनलेससुद्धा बिजागरीत गंजतं, जुलै-ऑगस्टमध्ये तर हमखास. खोबणीत खिशातलं सूत आणि पेरूच्या बिया अडकतात, त्या दात कोरायच्या काडीने काढा.

बिजागरीला महिन्यातून एक थेंब तेल. खोबरेल घालू नका, ते २४ अंशांच्या खाली गोठतं आणि डिसेंबरच्या पुण्यात चाकू उघडताना नख तुटतं. गोडेतेल काही दिवसांत चिकट होतं. शिवणयंत्राचं तेल पोटात जाण्याजोगं नाही. औषधाच्या दुकानात लिक्विड पॅराफिन मागा. बद्धकोष्ठावर देतात तेच, फळाला लागलं तरी हरकत नाही. थेंब टाकून दहा-बारा वेळा उघडमीट करा, बाहेर आलेलं काळं तेल टिपून घ्या, आणि काळं यायचं थांबेपर्यंत पुन्हा करा.